फॉरमॅट करण्याआधी दोन प्रती

गणेशोत्सव, नवरात्र, हरिनाम सप्ताह, शाळेचे स्नेहसंमेलन. वर्षभर आपल्याकडे कुठे ना कुठे लाऊडस्पीकर लागतोच. पूर्वी त्याला कॅसेट लागायची, मग सीडी आली आणि आता बोटाएवढा पेन ड्राइव्ह पुरतो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण या सोयीबरोबर एक नवी सवयही आपल्या घराघरात शिरली आहे आणि तिच्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. ती सवय म्हणजे, काही अडले की "फॉरमॅट मारून टाक" असे म्हणण्याची.

स्पीकरने पेन ड्राइव्ह ओळखला नाही, फॉरमॅट मारा. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. जागा भरली, फॉरमॅट मारा. जणू फॉरमॅट म्हणजे सर्व रोगांवर एकच काढा! वाचकहो, आमचे म्हणणे असे की फॉरमॅट हे औषध नाही, ती शस्त्रक्रिया आहे. कधी कधी ती करावीच लागते. पण रोगी कोण, त्याच्या पोटात काय आहे आणि हत्यार नेमके कुठे चालवायचे, हे पाहिल्याशिवाय कोणी शहाणा माणूस ती करत नाही.

मुळात फॉरमॅट म्हणजे काय? आपल्या तुकईथडच्या माणसाला हे समजावायला रेल्वेपेक्षा चांगला दाखला नाही. खंडवा-अकोला मार्गावर आपण मीटर गेजची गाडी पाहिली आहे. रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. ब्रॉड गेजचे अंतर १६७६ मिलिमीटर. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालत नाही. डबा वाईट असतो म्हणून नव्हे, तर रूळ वेगळे असतात म्हणून. पेन ड्राइव्हचेही तसेच आहे. त्याच्यावर फाइली ठेवण्याची जी पद्धत घातलेली असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. फॅट-३२, एनटीएफएस, एक्सफॅट हे त्यातले वेगवेगळे गेज. स्पीकरला फक्त फॅट-३२ समजत असेल आणि पेन ड्राइव्ह एनटीएफएसचा असेल, तर गाणी शाबूत असूनही स्पीकर मुका राहतो. फॉरमॅट करणे म्हणजे जुने रूळ उखडून नवे घालणे. आणि रूळ उखडताना वर उभी असलेली गाडी आधी हलवावी लागते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

फॅट ही पद्धत फार जुनी. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी तिचे पहिले रूप १९७७ मध्ये तयार केले. तिचेच सुधारलेले रूप फॅट-३२ हे १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आले. त्याआधीच १९९३ मध्ये एनटीएफएस आली होती आणि २००६ मध्ये एक्सफॅट आली. म्हणजे आज आपण ज्या फॅट-३२ साठी धडपडतो, ती आपल्या शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याहून वयाने मोठी आहे. तरीही ती सुटत नाही, कारण गाडीतला टेप, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर, जुना टीव्ही, कीबोर्ड, भरतकामाचे यंत्र अशा असंख्य वस्तूंना तीच भाषा येते. "जुने ते टाकाऊ" असे म्हणणाऱ्यांशी आम्ही म्हणूनच सहमत नाही. मंडळाचा स्पीकर चांगला वाजत असताना केवळ नवा पेन ड्राइव्ह वाचत नाही म्हणून तो मोडीत काढणे हा पैशाचा अपव्यय आहे. जुन्या यंत्राला जुनी पद्धत द्यावी आणि काम चालवावे.

परंतु जुन्या पद्धतीच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. फॅट-३२ मध्ये एका फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे एक फाइल ४ जीबीहून एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपर्यंतच असू शकते. लग्नाचा किंवा स्नेहसंमेलनाचा लांबलचक व्हिडिओ त्यात जात नाही आणि संगणक "फाइल फार मोठी आहे" असे सांगतो. पेन ड्राइव्हमध्ये जागा रिकामी दिसत असूनही असे होते, तेव्हा लोक दुकानदाराला दोष देतात. दोष कोणाचाच नसतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एनटीएफएस आपण काय बदलत आहोत याची नोंद आधी एका वहीत करते आणि मग बदल करते. त्यामुळे मध्येच वीज गेली तर ती रचना बहुधा सावरून घेते. फॅट-३२ कडे अशी वही नाही. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा कोणी पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर तिचा तक्ता बिघडू शकतो. खेड्यापाड्यात विजेचा काय भरवसा, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे पहिले मत असे की, फॅट-३२ चा पेन ड्राइव्ह ही पिशवी आहे, पेटी नव्हे. पिशवीतून बाजारहाट करावा. दागिने तिच्यात ठेवून निजू नये.

आणि दागिने म्हणजे काय, तेही सांगतो. आपण महाराष्ट्राच्या सीमेच्या अलीकडे, मध्य प्रदेशात राहणारी मराठी माणसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर रेघ पलीकडे आणि आपण अलीकडे. शाळेत, बाजारात, कचेरीत हिंदी. घरात मात्र आजीची मराठी आणि तीही पुण्या-मुंबईची नव्हे, वऱ्हाड-खानदेश-निमाडच्या वाऱ्यावर वाढलेली. ही बोली कोणत्या पाठ्यपुस्तकात नाही. ती असेल तर एखाद्या नातवाने मोबाइलवर केलेल्या आजीच्या ओवीच्या रेकॉर्डिंगमध्ये, हळदीच्या गाण्यात, आत्याने सांगितलेल्या कहाणीत. आणि ते रेकॉर्डिंग कुठे आहे? मोबाइलच्या नखाएवढ्या मेमरी कार्डात. त्या कार्डाला उद्या कोणी "फॉरमॅट मार" म्हटले, तर नुसती जागा रिकामी होत नाही, एक आवाज जातो. गाणी पुन्हा मिळतात, आजी पुन्हा मिळत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचेच पाहा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात त्यातल्या कित्येक टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या. टेप जपल्या गेल्या, आवाजांचे पुढे डिजिटल रूप झाले आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर जी गाणी ओठांवरून गेली, ती आज कानांनी ऐकता येतात, याचे कारण कोणीतरी मूळ प्रत सांभाळली आणि ती वेळेवर दुसऱ्या ठिकाणी उतरवली.

उलट उदाहरणेही आहेत. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये आला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. आणि हे फक्त गरीब देशांत घडते असे कोणी समजू नये. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या अपोलो-११ मोहिमेच्या मूळ टेप अमेरिकेच्या नासा संस्थेने पुढे पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्या संस्थेनेच २००९ मध्ये जाहीर केला. टेपचा तुटवडा होता, जागा हवी होती. आज आपण जी चंद्रावरची चित्रे पाहतो, ती दूरचित्रवाणीसाठी उतरवलेल्या प्रतींवरून आलेली आहेत. नासासारख्या संस्थेत जे झाले, ते आपल्या घरात होणार नाही असे मानणे धाडसाचे ठरेल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. फॉरमॅट करायचाच असेल तर कसा करावा, हे पालकांनी आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी नीट वाचून ठेवावे.

आधी विचारा, फॉरमॅटची गरज खरोखर आहे का? पेन ड्राइव्ह लावल्यावर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर ते एका प्रकारच्या व्हायरसचे काम असते. अशा वेळी फाइली बहुधा गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. जाणकाराकडून फाइली उघड करून घ्याव्यात. तसेच "वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा" असा संदेश संगणकाने दिला, तर घाबरून 'होय' दाबू नये. 'कॅन्सल' दाबावे. तो ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावा. कदाचित तो लिनक्स किंवा मॅक संगणकावर तयार केलेला असेल आणि विंडोजला त्याची भाषा कळत नसेल. कदाचित फक्त तक्ता बिघडला असेल आणि आतला माल शाबूत असेल.

गरज आहे असे ठरले, तर पहिली पायरी दोन प्रती. एक संगणकावर आणि दुसरी वेगळ्या ड्राइव्हवर. नुसते कॉपी करून थांबू नये. मूळ आणि प्रत यांवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का ते पाहावे आणि चार-दोन फाइली उघडूनही पाहाव्यात. इथे मराठी माणसाने आणखी एक काळजी घ्यायची आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख, पत्रिका, मंडळाचे हिशेब यांची नुसती फाइल जपून भागत नाही. तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून फॉन्टही सोबत ठेवावा. आणि जमेल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा.

दुसरी पायरी, ड्राइव्ह ओळखणे. सर्वांत मोठे अपघात इथेच होतात. फॉरमॅट करायचा एक आणि होतो दुसराच. म्हणून बाकीचे सगळे पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क आणि मोबाइलची वायर आधी काढून ठेवावी. मग 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हचे अक्षर आणि आकार पाहावा. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह तिथे साधारण १४-१५ जीबी दिसतो. ५०० जीबी दिसत असेल तर हात आखडता घ्यावा. शंका आली तर पेन ड्राइव्ह काढून पाहावा, कोणते अक्षर नाहीसे होते ते बघावे आणि परत लावावा.

तिसरी पायरी. त्या ड्राइव्हवर उजवे बटण दाबून 'फॉरमॅट' निवडावे. फाइल सिस्टिमच्या जागी फॅट-३२ ठेवावे. 'ॲलोकेशन युनिट साइज' आहे तेच राहू द्यावे. नावाच्या जागी ओळखीचे छोटे नाव द्यावे. 'क्विक फॉरमॅट'वर खूण असेल तर संगणक फक्त तक्ता नव्याने मांडतो, जुना माल आत तसाच पडून राहतो. खूण काढली तर तो संपूर्ण ड्राइव्ह तपासतो आणि विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत सगळीकडे शून्येही लिहितो. त्याला वेळ लागतो. आपल्याच वापरासाठी क्विक पुरे. जुना, संशयास्पद ड्राइव्ह असेल किंवा परक्या माणसाला द्यायचा असेल, तर खूण काढावी.

६४ जीबीचा ड्राइव्ह असेल तर त्या खिडकीत फॅट-३२ चे नावच दिसत नाही, म्हणून अनेकजण गोंधळतात. विंडोजच्या या खिडकीने ३२ जीबीची मर्यादा वर्षानुवर्षे ठेवली आहे. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांडद्वारे ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. परंतु इंटरनेटवरून कुठलेही अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून प्रयोग करण्यापेक्षा स्पीकरसाठी १६ किंवा ३२ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह घेणे शहाणपणाचे. आरत्या आणि भजनांना याहून जास्त जागा लागतेच कशाला?

कॅमेऱ्याचे कार्ड शक्यतो कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. मोबाइलमध्ये कार्ड घातल्यावर "इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरायचे का" असे विचारले, तर जपून उत्तर द्यावे. तसे केल्यास कार्ड पुसले जाते आणि नंतर ते त्या मोबाइलशिवाय दुसरीकडे वाचता येत नाही.

शेवटची पायरी म्हणजे ड्राइव्ह 'इजेक्ट' करून मगच काढणे. आणि एक उपयोगी गोष्ट. पुष्कळ स्वस्त स्पीकर गाणी नावाच्या क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून फॉरमॅटनंतर आधी गणपतीची आरती, मग देवीची, अशी हव्या त्या क्रमाने एकेक कॉपी करावी. फॅट-३२ वर फाइलीला मराठी नाव देता येते, पण स्पीकरच्या छोट्या पडद्याला ते दाखवता येईलच असे नाही. नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत.

इतके करूनही चुकून भलताच ड्राइव्ह फॉरमॅट झाला तर? तर त्यावर एकही नवी फाइल टाकू नये. क्विक फॉरमॅटमध्ये तक्ताच गेलेला असतो. नवे लिहिले नाही तोवर जुने बरेच परत मिळू शकते. 'फोटोरेक' नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. मात्र परत मिळालेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर न ठेवता दुसरीकडे घ्याव्यात.

काही वाचक म्हणतील, "एवढी उठाठेव कशाला? आता सगळे मोबाइलवर आणि गूगलवर असते." त्यांना आमचे नम्र उत्तर असे. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही तिच्यातच मोजले जातात. ती भरली की पुढचे जात नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, ती खरी प्रत नव्हे. शिवाय डोंगराकडच्या वस्तीत रेंज असेल तेव्हा असते. ऑनलाइन प्रत जरूर ठेवावी, पण ती एक प्रत झाली. दुसरी आपल्या कपाटात हवी.

आमच्या शाळेला आणि समाजाला आमच्या तीन सूचना आहेत. एक, स्पीकरचा पेन ड्राइव्ह वेगळा असावा, त्याला लाल दोरा बांधावा आणि त्यात गाण्यांशिवाय काहीही ठेवू नये. मग तो कितीही वेळा फॉरमॅट झाला तरी कोणाचे काही जाणार नाही. दोन, शाळेच्या संगणक खोलीत एक साधी वही ठेवावी. कोणता ड्राइव्ह, त्यात काय होते, दोन प्रती कुठे ठेवल्या आणि कोणी तपासल्या, एवढे लिहिल्याशिवाय फॉरमॅट करू नये. देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना ज्या नेपानगरात उभा राहिला, ते आपल्या शेजारी आहे. कागदावरच्या नोंदीचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. तीन, या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांचे एक गाणे, एक कहाणी किंवा एक आठवण ध्वनिमुद्रित करावी, तिच्यावर नाव, गाव आणि तारीख घालावी आणि एक प्रत घरी, एक शाळेत ठेवावी.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी. फॅट-३२ ही पद्धत साधी आणि जुनी खरी, पण कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारा आपला तक्ता ती नेहमी एकाऐवजी दोन प्रतींत लिहून ठेवते. एक बिघडला तर दुसरा असावा, एवढे ते तयार करणाऱ्यांना तेव्हाच कळले होते. आपल्या घरातल्या आवाजांसाठी आपण तेवढे तरी करावे.